इंजिनातल्या माणसाची संमती

"जावईबापू, आता श्वास घेऊ नका," अण्णा म्हणाले.

मी मिरजेला, सासुरवाडीच्या गच्चीवर पालथा पडलो होतो. हनुवटी सिमेंटला टेकलेली, डाव्या कोपराला सासूबाईंच्या वाळत घातलेल्या कुरडया टोचत होत्या आणि डोळ्यांपुढे माझा पाच मेगापिक्सेलचा डिजिटल कॅमेरा. कॅमेरा मसुरीच्या पिशवीवर बसवला होता. तिवई कितीही खाली आणली तरी जमिनीपासून फूटभर वर राहायची, आणि अण्णांच्या मते त्या उंचीवरून फक्त घार बघते. माणूस माणसाच्या उंचीवरून बघतो. आमच्या त्या गच्चीवर माणसाची उंची साडेआठ सेंटिमीटर होती.

समोर निंबळगाव रोड स्टेशनात छोट्या लाइनीचं वाफेचं इंजिन उभं होतं. खऱ्याच्या विसाव्या हिश्शाचं. बॉयलर वनस्पती तुपाच्या डब्याचा, पाइप तांब्याच्या तारेचे, दांडे इंजेक्शनच्या सुयांचे. फलाटावरची माती सासूबाईंच्या मैद्याच्या चाळणीतून चाळलेली. त्या चाळणीचा विषय घरात अजून मिटलेला नव्हता.

"श्वास न घेता किती वेळ राहू?"

"धूर सरळ वर जाईपर्यंत."

अण्णांनी सलाइनच्या नळीचं एक टोक इंजिनाच्या पोटात खालून घातलं होतं. दुसऱ्या टोकाला धूप पेटवलेला पत्र्याचा डबा होता, आणि डब्यावर अण्णा गाल फुगवून बसले होते. त्यांनी हळूच फुंकलं की धुराड्यातून धूर निघायचा. पण मी श्वास सोडला की तो धूर स्टेशनमास्तरच्या खोलीत शिरायचा.

"आणि पंधरा मिनिटांत माझ्या कुरडया खाली गेल्या पाहिजेत," जिन्यातून सासूबाई म्हणाल्या. "इंजिन जाऊ दे, न जाऊ दे."

ही २००६ सालच्या एप्रिलमधली गोष्ट. माझे सासरे दिगंबर कुरणे, म्हणजे अण्णा, मिरजेच्या लोको शेडमधून फिटर म्हणून निवृत्त झालेले. तेहतीस वर्षं इंजिनं दुरुस्त केली. निवृत्तीनंतर लोक देवळात जातात, अण्णा भंगारवाल्याकडे जायचे. छोटी लाइन बंद होत आली, तशी त्यांनी तिची गच्चीवर उभारणी सुरू केली. मी कऱ्हाडच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायचो. घरात डिजिटल कॅमेरा आणि कॉम्प्युटर दोन्ही असलेला मी एकटाच जावई होतो. एकटाच जावई होतो हेही खरं.

पुण्याच्या लघुप्रतिकृती रसिक मंडळाची दरवर्षी छायाचित्र स्पर्धा असायची. नियम क्रमांक एक होता: 'प्रतिकृतीचे छायाचित्र असे असावे की पाहणाऱ्यास क्षणभर खरी वस्तू वाटावी.' आधीच्या दोन वर्षी अण्णांनी फोटो पाठवले होते. पहिल्या वर्षीचा फोटो लग्नाचे फोटो काढणाऱ्या स्टुडिओवाल्याने काढला होता. त्याने फ्लॅश असा मारला की इंजिन नवरीसारखं लाजत होतं. परीक्षक श्री. सरपोतदार यांनी शेरा लिहिला, 'मेहनत जाणवते, परंतु खेळणे वाटते.' दुसऱ्या वर्षी फोटो मी काढला. शेरा होता, 'गतवर्षीप्रमाणेच.'

ती दोन्ही पोस्टकार्डं अण्णांनी शोकेसच्या काचेला आतून चिकटवली होती. इंजिनाच्या अगदी शेजारी. रोज पाणी प्यायला उठलं की दिसावीत अशी.

"खेळणं," अण्णा म्हणायचे. "व्हॉल्व्हचा दांडा हलतोय आतला. आतला, ओ! कुणाला दिसणार न्हाई असा दांडा हलतोय. आणि म्हणं खेळणं."

म्हणून तिसऱ्या वर्षी मी वर्षभर अभ्यास केला. विद्यार्थ्यांना सांगितला असता तर त्यांना धक्का बसला असता इतका. प्रतिकृती खेळणं का दिसते? पुढचा भाग स्पष्ट आणि मागचा धूसर आला, की डोळ्याला कळतं, वस्तू चिमुकली आहे. म्हणून इंजिनाच्या नाकापासून स्टेशनच्या कौलापर्यंत सगळं लख्ख आलं पाहिजे. त्यासाठी एकाच जागेवरून पाच फोटो, प्रत्येकात थोडा पुढचा भाग स्पष्ट, आणि मग कॉम्प्युटरवर पाचांचा एक करायचा. ऊन एकाच बाजूचं आणि तिरकं हवं. धूळ पुसायला हवी, कारण आपल्या बोटावरची धूळ निंबळगावला दगड होऊन पडते.

अण्णांनीही स्वतःचा शोध लावला होता. नव्या रंगाला तेलकट चमक येत नव्हती. खरं इंजिन सदैव तेलात न्हालेलं असतं. अण्णांनी गुळाचं पाणी आटवून ब्रशने बॉयलरवर फिरवलं. इंजिन असं ओशट झालं की मला हात पुसावेसे वाटले.

"अण्णा, धूर!"

"येतोय. थांबा." ते अचानक डबा सोडून उठले. "ड्रायव्हर राहिला."

"कुठला ड्रायव्हर? ड्रायव्हर आहे की आत."

"तो जुना. त्याची बदली झाली." अण्णांनी शर्टाच्या खिशातून कागदाची पुडी काढली, पुडीतून एम-सीलचा एक माणूस काढला, आणि माझ्या अंगावरून ओणवं होऊन इंजिनाच्या खिडकीत बसवला. एक कोपर खिडकीबाहेर, मान वळवून सिग्नलकडे बघणारा. गळ्याला रुमाल. बाकी मला त्याचा खांदाच दिसला. मी जमिनीवर, तो इंजिनात, आमच्यात तेवढी पायरी होती.

"आता घ्या," अण्णा म्हणाले. आवाज जरा वेगळा लागला, पण त्यांच्या तोंडात धूप गेला असेल असं मला वाटलं.

पाच वाजून पंचवीस मिनिटांनी शेजारच्या टाकीच्या कडेवरून ऊन तिरकं उतरलं. वारा थांबला. धूर निघाला आणि सरळ वर गेला, दोरी टांगावी तसा. मी सेल्फ टायमर दाबून हात काढून घेतला. एक. दोन. माझ्या नाकावर माशी बसली. तीन. सासूबाई वरच्या पायरीवर येऊन थांबल्या, त्यांनीही श्वास धरला होता. चार. पाच.

"झालं!" मी ओरडलो आणि पाचही फोटोंचा धरलेला श्वास एकदम सोडला. निंबळगाव रोडचा सिग्नल आडवा झाला.

अण्णांनी माझ्या पाठीवर थाप मारली. लग्नानंतर अकरा वर्षांत पहिल्यांदा.

कॅमेऱ्याच्या मागच्या छोट्या पडद्यावर आम्ही तिघांनी डोकी एकत्र करून फोटो पाहिला. सासूबाईच आधी म्हणाल्या, "हे काय, फलाटावर बोका?"

बोका नव्हता. गुळाच्या वासाने आलेला मुंगळा होता. इंजिनाच्या पायरीशी उभा, चांगला बोक्याएवढा, मिशा उगारून, गाडी पकडायला आल्यासारखा.

"पुन्हा काढू," अण्णा म्हणाले. पण ऊन गेलं होतं.

"काळजी करू नका," मी म्हणालो. "मुंगळा मी काढतो."

दुसऱ्या दिवशी, रविवारी, कऱ्हाडला सकाळी साडेसातला कॉम्प्युटरसमोर बसलो. माझ्या बायकोने, शैलाने, दोनदा चहा आणि एकदा माझी चौकशी आणून ठेवली. पाचांचा एक फोटो झाला आणि मी खुर्चीतून उठून उभाच राहिलो. इंजिन येत होतं! म्हणजे उभंच होतं, पण कुठल्याही क्षणी वाफ सोडेल असं. मी बायकोला हाक मारली. ती म्हणाली, "हे कुठलं स्टेशन?" बायकोला तिच्याच माहेरची गच्ची ओळखू आली नाही. यापुढे मला कुठल्या बक्षिसाची गरज नव्हती, पण अण्णांना होती.

मग पुसायला बसलो. शेजारच्या पाण्याची टाकी पुसून तिथे आभाळ भरलं. दोन अँटेना गेल्या. नळीची सावली गेली. मुंगळ्यासाठी मात्र पाऊण तास लागला. त्याच्या सहा पायांखालची माती बाजूच्या मातीतून उचलून ठिपक्याठिपक्याने भरायची. त्याच्या मिशा तर वाफेतच मिसळल्या होत्या. डाव्या कोपऱ्यात एक अख्खी कुरडई चौकटीत आली होती. तिच्याबद्दल मी अण्णांना फोन केला.

"कशी दिसतीय?"

"वाळलेल्या झुडपासारखी."

"राहू दे. निंबळगावला तिथं घाणेरीचं झुडूप होतंच. जरा तपकिरी करा."

मी कुरडई तपकिरी केली.

शेवटी चित्र चौपट मोठं करून इंचाइंचाने तपासलं. ड्रायव्हरच्या चेहऱ्यावर तांब्याची एक बारीक तार चिकटलेली दिसली. पाइपाला लावलेल्यातलीच असणार. तिरक्या उन्हात लकाकत होती आणि सगळी नजर तिकडेच जात होती. अशा एका तारेवरून सरपोतदारांनी पुन्हा पोस्टकार्ड लिहिलं असतं. मी ती काढली. कामाला दोन मिनिटं लागली. डोळे जरा पुसट झाले होते, तेही नीट केले.

फोटो मोठा छापून मिरजेला नेला. अण्णांनी तो खिडकीपाशी नेऊन भिंगाखाली धरला. इंजिन पाहिलं, चाकं मोजली, कुरडई पाहिली आणि खुश झाले. मग भिंग खिडकीतल्या माणसावर येऊन थांबलं. बराच वेळ तिथेच.

"हितं काय होतं?" त्यांनी विचारलं. "चेहऱ्यावर?"

"तार चिकटली होती. काढली. काही चुकलं का?"

अण्णांनी भिंग खाली ठेवलं. स्वतःचा चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, पुन्हा घातला, पुन्हा फोटो पाहिला.

"न्हाई," ते म्हणाले. "बरं केलंत."

मी पुन्हा दुरुस्त करून देऊ का, असं विचारलं. "बरं केलंत म्हटलं न्हवं?" असं ते इतक्या जोरात म्हणाले की सासूबाई आतून बाहेर आल्या. फोटोची सीडी तशीच पुण्याला गेली. दुसऱ्या सीडीवर मी मूळ फोटो मुंगळ्यासकट ठेवले. वर शाईने लिहिलं, 'कच्चे'.

मेच्या अखेरीस अण्णांचा फोन आला. "या," ते म्हणाले. "आत्ता." फोन ठेवला. कोण आजारी, कोण गेलं, काही कळेना. मी आणि ती कच्ची सीडी, आम्ही मिळेल त्या गाडीने निघालो. सीडी का घेतली ते आठवत नाही. पेपरात चूक निघाली की मूळ उत्तरपत्रिका घेऊन धावायची सवय असेल.

अण्णा दारातच होते. इस्त्रीचा सदरा घातलेला. या वेळी पोस्टकार्ड नव्हतं, छापील शीर्षकाचं पत्र होतं, टाइप केलेलं.

"वाचा," ते म्हणाले. "मोठ्यानं. ही ऐकतीय."

मी उभ्यानेच वाचायला लागलो. "'महोदय, आपण पाठविलेले छायाचित्र उत्कृष्ट आहे. तथापि ते प्रतिकृतीचे नसून प्रत्यक्ष रेल्वे इंजिनाचे जुने छायाचित्र आहे, असे परीक्षक श्री. सरपोतदार यांचे स्पष्ट मत पडले...' काय?"

"पुढं वाचा!"

"'श्री. सरपोतदार यांनी तरुणपणी सदर लाइनीवरून अनेकदा प्रवास केला असून, निंबळगाव रोड स्थानकाचा हा परिसर, डावीकडील घाणेरीच्या झुडपासह, त्यांच्या चांगला स्मरणात आहे.'"

"अगं बाई," सासूबाई म्हणाल्या. "माझी कुरडई!"

मी खुर्चीत बसलो आणि हसायला लागलो. क्षणभर खरी वाटावी असा नियम होता. आम्ही क्षणाची मर्यादा ओलांडली होती.

"पुढं," अण्णा म्हणाले. ते हसत नव्हते. त्यांनी खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरली होती. "खालचा परिच्छेद."

"'सबब नियम चारनुसार ही प्रवेशिका बाद ठरते. अन्यथा ती प्रथम क्रमांकासाठी विचारात घेतली गेली असती. आपला काही खुलासा असल्यास आठ दिवसांत पाठवावा. तसेच नियम अकरानुसार, छायाचित्रात जिवंत व्यक्ती दिसत असल्यास तिची लेखी संमती जोडणे बंधनकारक आहे. इंजिनात स्पष्ट दिसणाऱ्या ड्रायव्हरची अशी संमती आपण जोडलेली नाही, हीही गंभीर त्रुटी आहे.'"

"परत वाचा," अण्णा म्हणाले. "शेवटचं वाक्य."

मी परत वाचलं. त्यांनी तिसऱ्यांदा वाचायला लावलं. 'ड्रायव्हरची' या शब्दाला त्यांचे ओठ माझ्याबरोबर हलत होते.

पण माझं तिकडे लक्ष कुठलं! मी उडालोच होतो. "अण्णा, पहिला नंबर आपला! आठ दिवस आहेत. ही बघा सीडी. यात मुंगळा आहे! बोक्याएवढा मुंगळा कुठल्या खऱ्या स्टेशनावर असतो? एक फोटो पाठवला की सरपोतदार गप. कागद द्या, खुलासा लिहितो."

"थांबा."

"थांबायचं कशाला? तीन वर्षं तुम्ही..."

"जावईबापू, थांबा म्हणतोय न्हवं!" अण्णा आत गेले. शोकेसचं दार उघडल्याचा आवाज आला.

सासूबाई माझ्याजवळ आल्या. मूठ उघडून त्यांनी तो एम-सीलचा ड्रायव्हर माझ्या तळहातावर ठेवला. फोटोनंतर अण्णांनी तो इंजिनात ठेवलाच नव्हता, त्यांनी उशाशी ठेवला होता. मी पहिल्यांदाच त्याला समोरून पाहत होतो. गळ्यात अण्णा बांधायचे तसला लाल काठाचा रुमाल. आणि डोळ्यांवर तांब्याच्या एकाच तारेचा वळवलेला चष्मा. दोन गोल, मधे नाकावर वाक, कानामागे काड्यासुद्धा.

"ही तार..." मी म्हणालो.

"ड्रायव्हरच व्हायचं होतं यांना," सासूबाई हळू आवाजात म्हणाल्या. "लग्नाआधीपासून. डोळ्यांत नापास केलं. दोनदा. चष्मा चालत नाही म्हणे ड्रायव्हरला. मग फिटर झाले. इंजिन नीट करायचं यांनी आणि शिट्टी वाजवत न्यायचं दुसऱ्यानं. तेहतीस वर्षं शेडच्या दारात उभं राहून बघितलंय त्यांनी. मला आयुष्यात एकदाच बोलले, तेही शैला झाली तेव्हा."

मी तो चष्मा नखाने चाचपला. पक्का बसवलेला होता.

अण्णा बाहेर आले. त्यांच्या हातात दोन जुनी पोस्टकार्डं होती, काचेवरून काढलेली, कोपऱ्यांना डिंक लागलेला. ती त्यांनी टेबलावर उपडी टाकली. मग पॅड आणि पेन माझ्यापुढे ठेवलं.

"लिहा. तुमचं अक्षर बरं आहे."

"खुलासा ना?"

"संमती."

"अण्णा, संमती पाठवली तर नंबर जाईल. इंजिन खरं आहे असं आपणच कबूल केल्यासारखं होईल."

"मग खोटं आहे व्हय?" ते म्हणाले. "आणि ती मुंगळ्याची सीडी राहू दे तुमच्याकडं. लिहा. प्रति, सचिव. विषय, इंजिनात दिसणाऱ्या ड्रायव्हरची संमती."

मी लिहायला लागलो. ते मागे हात बांधून येरझारा घालत सांगत होते, आणि प्रत्येक येरझारेला आवाज चढत होता. "महोदय. सदर छायाचित्रात इंजिनाच्या खिडकीत दिसणारा इसम मीच आहे. लिहिलंत? मीच आहे. फोटो माझ्या समक्ष आणि माझ्या मर्जीनं काढलेला आहे. तो छापण्यास, लावण्यास, कुणालाही दाखवण्यास माझी काहीही हरकत नाही. 'काहीही'च्या खाली रेघ मारा."

मी रेघ मारली.

"आणि सरपोतदार साहेबांना सांगा, त्यांनी त्या लाइनीवर प्रवास केला, फार बरं वाटलं."

"तेही लिहू?"

"लिहा की."

मी लिहिलं. खाली नाव लिहिलं, दिगंबर रामचंद्र कुरणे. त्याच्याखाली, सरकारी कागदाच्या सवयीने, मी 'सेवानिवृत्त' असं लिहायला घेतलं आणि थांबलो.

"हुद्दा काय लिहू, अण्णा?"

अण्णा येरझारा घालायचे थांबले. त्यांनी सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाई माझ्या हातातल्या त्या एवढ्याशा माणसाकडे पाहत होत्या.

"आता विचारताय काय ओ त्यांना," त्या म्हणाल्या. "इतक्या मोठ्या साहेबानं लिहून दिलंय न्हवं. तेच लिहा."

मी 'से' खोडून 'ड्रायव्हर' लिहिलं आणि कागद फिरवून अण्णांपुढे ठेवला. त्यांनी पेन घेतलं, खुर्ची ओढली, नीट बसले. मग चष्मा काढून पॅडच्या बाजूला घडी करून ठेवला, मान वळवून क्षणभर खिडकीबाहेर पाहिलं, आणि सही केली.

सही ओळीच्या चांगली दोन बोटं वर पडली होती. आम्ही ती तशीच पाठवली.